पेट्रोल न लागणारी गाडी

४ मार्च
आणि बाबा म्हणे, जशी नेलीस तशी परत आण! जशीच्या तशी आणायची होती तर नेली कशाला असती? सुट्टी संपवून निघताना बाबांची गाडी मी गावाहून इथवर, नोकरीच्या शहरात, चालवत आणली. दोन दिवस लागले. वाटेत पेट्रोलवर गेले तेवढ्यात नवे बूट आले असते. बावीस वर्षं बाबा त्या गाडीतून शाळेची पोरं ने-आण करतात आणि निम्मी कमाई पंपवाल्याच्या घशात घालतात. मी ती बॅटरीवर करून देणार आहे. तीन महिने मागितलेत, तोवर पोरांना पालक सोडतील. बाबा रोज फोन करून विचारतात, झाले का तीन महिने.

६ मार्च, सकाळी
शिक्षण सातवी. असू दे. सहा वर्षं गोदामात फोर्कलिफ्ट चालवतोय आणि ती बॅटरीवरच चालते. तिच्यात पाणी कोण भरतं? मी. इंजिनीअर लोकांनी हे पुस्तकात बघितलंय, माझ्या पँटीला अ‍ॅसिडची भोकं आहेत.
संकल्प एक: ३१ मेला गाडी दारात.
संकल्प दोन: वेल्डरचं काहीही ऐकायचं नाही. (खोलीत माझ्याबरोबर राहतो म्हणून सल्ला द्यायचा हक्क मिळत नाही.)

१५ मार्च
नशीब उघडलं! गोदामातली जुनी फोर्कलिफ्ट मोडीत निघाली. तिची मोटर आणि बॅटरी मला द्या म्हणालो. सुपरवायझर म्हणाला, दोन महिन्यांचा ओव्हरटाइम सोड आणि घेऊन जा. इतक्या पटकन म्हणाला की मला त्याची कीव आली. हातातलं सोनं देऊन टाकतोय बिचारा.
बॅटरीच्या पत्र्यावर ११४० आकडा आहे. मॉडेल नंबर असणार.

१६ मार्च
वेल्डर म्हणतो, ते किलो आहेत. वर शिकवायला लागला की फोर्कलिफ्टची बॅटरी मुद्दामच जड ठेवतात, पुढे माल उचलला की मशीन तोंडावर पडू नये म्हणून. मी म्हणालो, मग चांगलंच झालं, आमची गाडीही कधी तोंडावर पडणार नाही. त्यानं दिवा मालवला. पटलं असणार.

२९ मार्च
गोदामामागच्या मोकळ्या जागेत गाडीचं इंजिन काढलं. दोन रविवार गेले, एक नख गेलं. इंजिन भंगारवाल्याला विकलं. ताईला फोनवर सांगितलं तर ओरडलीच, अरे, विकलंस कशाला, ठेवायचंस ना राहू दे म्हणून! मी म्हणालो, परतीचा रस्ता ठेवला की माणूस परत फिरतो. ताई म्हणाली, परतच तर यायचंय तुला, गाडी घेऊन.
माझं वाक्य चांगलं होतं. तिच्यापर्यंत पोचलं नाही.

१२ एप्रिल
एका बाजूला मोटर, एका बाजूला गिअरबॉक्स. मध्ये एक जाड प्लेट हवी. त्यासाठी नाइलाजानं वेल्डर. मोबदला: महिनाभर भांडी मी घासायची. प्लेट झाली, पण भोकं बोटभर चुकली. माप मीच दिलं होतं, कबूल. पण देणारा वितीनं मोजतोय हे दिसल्यावर घेणाऱ्यानं टेप काढायला नको?

१३ एप्रिल
दुसरी प्लेट. आता भांडी दोन महिने.

३ मे
बाबांचा फोन. शाळा विचारतेय, जूनपासून तुमची गाडी येणार का, नाहीतर आम्ही दुसरी सोय बघतो. मी म्हणालो, बेधडक सांगा येणार. आवाज न करता येणार. बाबा म्हणाले, बाळा, आवाज केला तरी चालेल रे, येऊ दे फक्त.
त्यांना प्रगती कळत नाही.

२१ मे, दुपारी
ऐतिहासिक दिवस. मागची सीट काढून गोदामातल्या दुसऱ्या फोर्कलिफ्टनंच बॅटरी आत ठेवली. गाडी मागे बसली आणि पुढची चाकं जमिनीपासून वीतभर वर आली. मोटरचा जोर पुढच्याच चाकांना. वेल्डर म्हणाला, राहू दे आता. मी वायर जोडली, पाय दाबला.
फिरली! दोन्ही चाकं फिरली! हवेत, पण काय गुळगुळीत! आवाज नाही, धूर नाही. आता कोणी काही म्हणो, गाडी बॅटरीवर चालली. जागची हलली नाही हा वेगळा मुद्दा.

२४ मे
उपाय सापडला. बॉनेटवर वाळूची आठ पोती. पुढची चाकं टेकली. टाळी वाजवणार तेवढ्यात मागून काहीतरी फाटल्याचा आवाज आला आणि बॅटरी तळाचा पत्रा घेऊन सावकाश जमिनीवर बसली. कोणाला लागलं नाही.
पत्रा गंजलेला होता. म्हणजे दोष कोणाचा? गाडी बनवणाऱ्याचा.

२६ मे
वेल्डरनं खाली वाकून बघितलं. गाडीचा सांगाडा, चासीच वाकलीय म्हणतो, याला आता टाका घालता येत नाही. पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. भांडीही त्यानंच घासली. फार राग आला.

३० मे
भंगारवाल्याकडे गेलो. इंजिन परत द्या, दुसऱ्या बॉडीत बसवतो म्हणालो. म्हणाला, कसलं परत? लोखंड दाबायच्या प्रेसला लावलंय मी ते. झकास चालतंय.

२ जून
ताईचा फोन. शाळेनं स्वतःची व्हॅन घेतली आणि बाबांना ड्रायव्हर म्हणून ठेवलं. गळ्यात कार्ड आहे. व्हॅन बॅटरीची आहे.
मग बाबा बोलले. आता सुट्टी मागून घ्यावी लागते म्हणाले आणि हसले. खरं हसले की कसे, फोनवर कळत नाही. मग विचारलं, तुला त्यातलं कळतं म्हणून विचारतो, हिच्यात पाणी कधी घालायचं? नव्या बॅटरीला पाणी लागत नाही, सांगितलं. बरं झालं बाळा तू आहेस, म्हणाले.
गाडीचं त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं. मग म्हणाले, नंबर प्लेट तेवढी ठेव.

७ जून
गाडी भंगारात दिली. प्लेट आधी काढून घेतली. भंगारवाल्यानं प्रेस सुरू केली. दोनदा खोकली, थांबली, मग चालू झाली. घरी रोज सकाळी गाडी अशीच चालू व्हायची आणि आई आतून म्हणायची, उठली बाई एकदाची. त्याच इंजिनानं तीच गाडी दाबली. चार मिनिटं. एकदाही बंद पडलं नाही.
पेट्रोल किती खातं, विचारलं. फार खातं, म्हणाला.
मी काय वेगळं सांगत होतो?
बॅटरीतलं शिसं आणि गाडीचा पत्रा, दोन्ही मिळून बाबांना पाठवतोय: अठरा हजार दोनशे.