गालावरचा बर्फ

सांगली, वैशाख, १९९८

आज कोकम सरबतात बर्फ नव्हता. ऐन वैशाखात एका संस्कृत शिक्षकावर हा घोर अन्याय! फ्रीजमधला सगळा बर्फ माझ्या बायकोच्या, कुसुमच्या गालासाठी राखीव. तिच्या गालावरचा जन्मापासूनचा लाल डाग लेसरने घालवणं चाललंय; घरी आल्यावर तिथे रुमालात बांधून बर्फ धरायचा.

दवाखान्यात मी शेजारीच बसतो. लेसर मारण्याआधी दर वेळी डॉक्टर तिच्या गालावर थंडगार काच टेकवतात, म्हणजे कातडी भाजत नाही. "गार वाटतंय ना, ताई?" ताई म्हणतात, तरी मला खपत नाही. ती काच काही डोक्यातून जात नाही. इतके उन्हाळे त्या गालाला चंदन उगाळून मी लावलं. आज डॉक्टर म्हणाले, "चंदन बंद, फक्त बर्फ." आणि हिने लगेच मान डोलावली!

घरी येताना वाटेत मी त्या काचेवरून कुरकुरलो, तर म्हणाली, "आवं, काचेवर कुनी जळतं व्हय?" तासगावची आहे, तोंडावर बोलते.

जळतो मी. का पण? ती हसली तेव्हा डाग फिकट दिसला. छान दिसली. त्या डागामुळे स्थळं येत नव्हती, म्हणून तिनं मला होकार दिला, असं मला कायम वाटत आलंय. डाग गेल्यावर तिला त्या होकाराचा पश्चात्ताप होईल, याची मला भीती वाटते.