आत्याची काळी डुकरं

२ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बदली झाली, डॉक्टरीण होतीस ती आता साहेबीणही झालीस, आणि कचेरीतली खुर्ची एका पायाने लंगडी आहे, हे सगळं वाचून बरं वाटलं. खुर्चीचं तुझ्या बाबांना कळव. सुताराच्या मुलीने डुगडुगत्या खुर्चीवर बसायचं, हे माझ्या भावाला सहन होणार नाही. मला मात्र फोन करू नकोस. हल्ली त्यातून माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं आणि मी नको तिथे हो म्हणून बसते.

तुम्हाला डुकरांच्या जातींची नोंदवही करायची आहे. पुस्तकात नसलेलं तेवढं लिही म्हणालीस. तर लँडरेस आधी. अंग लांबलचक, कान डोळ्यांवर पडलेले. समोरचं फारसं दिसत नाही म्हणून स्वभाव शांत, तुझ्या आजोबांसारखा. त्यांनीही तोंडासमोर पेपर धरून निम्मा संसार केला. यॉर्कशायरचे कान उभे. फाटक वाजलं की पहिली तीच उठते आणि सगळ्या शेडला उठवते. ड्युरॉक तांबूस, खाण्यापलीकडे जगात काही आहे हे तिला माहीतच नाही. मेशानच्या तोंडावर जन्मापासून सुरकुत्या, पण एका वेतात चौदा-पंधरा पिल्लं देते आणि त्यात शेजारणीची दोन घुसली तरी निमूट पाजते. मांगालित्साच्या अंगावर मेंढीसारखी कुरळी लोकर. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, ही कातरता का? टॅमवर्थ लांब नाकाची आणि तितकीच लांब डोक्याची. कडी उघडायला शिकली, म्हणून मी साखळी लावली. आता साखळीचा अभ्यास चालू आहे. पिएत्रें मात्र मी पुन्हा आणणार नाही. मांड्या पैलवानाच्या आणि काळीज सशाचं. गाडीत चढवताना नुसत्या भीतीने एक माझ्यासमोर कोसळली होती.

आपल्या काळ्यांबद्दल नंतर लिहीन. त्यांचं पुस्तकात काहीच नाही, त्यामुळे घाईत नको. नऊ उरली आहेत.

हल्ली माझे पाय एका जागी ठरत नाहीत. कप्पे धुतले तरी पुन्हा जाऊन बघते. नदीपलीकडे डुकरं पटापट मरताहेत असं शेजारीण सांगते. तू तिथेच आहेस. खरं काय ते लिही, मला जपायला म्हणून गोड लिहू नकोस.

माया आहेच, तुझ्याकडून पत्रं तेवढी वाढू देत.

तुझी आत्या

&nbsp;

९ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

शेजारीणबाई सांगतात ते खरं आहे. हा डुकरांचा ताप आहे. त्यावर औषध नाही, आपल्याकडे लसही नाही. माणसाला त्याचा धोका नाही, पण माणसाच्या बुटांवरून, गाडीच्या चाकांवरून, खरकट्यातून, पोत्यांतून तो चालत जातो. एका जागी सापडला की ती जागा आणि भोवतालच्या एक किलोमीटरमधली सगळी डुकरं आम्हाला मारावी लागतात. भिंतीवरच्या नकाशावर मी रोज लाल गोल काढते. काल चौथा काढला. तुझं घर अजून बाहेर आहे.

म्हणून आजपासून एवढं ऐक. फाटकाला कुलूप लाव. कुणाचीही गाडी आत घेऊ नकोस, अगदी ओळखीची असली तरी. खरकटं बंद. बाहेरचा कोंडा नको, घरच्या मक्यावर भागव. शेडच्या दारात औषधाच्या पाण्याचा टब ठेव आणि त्यात बूट बुडवल्याशिवाय स्वतःही आत जाऊ नकोस. वहीत आलेल्या-गेलेल्यांची नोंद ठेव. एखादं जनावर खायचं थांबलं, कान जांभळे पडले, तर त्याच दिवशी कचेरीत कळव.

आणि मी येणार नाही. रोज मी आजारी शेडमध्ये जाते. तुझ्या फाटकाला हात लावायलाही नको. जवळच बदली झाली म्हणून दर आठवड्याला जेवायला येईन असं ठरवलं होतं, ते राहिलं.

मेशानचं वाचून कचेरीत सगळे हसले. काळ्यांचं लवकर लिही.

ममता असू दे, रागावलीस तरी.

तुझी बारकी

&nbsp;

१३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

रविवारी तुझ्याकडून निघालो आणि घरी पोचेपर्यंत तोच विचार डोक्यात होता. तुझ्या काळ्या डुकरांमधली एक जोडी तरी मी माझ्याकडे आणतो. आपल्या वडिलांनी ती सांभाळली, त्यांच्या वडिलांनी सांभाळली. पांढरी, तांबडी मेली तर कुठूनही पुन्हा आणता येतील. ही कुठून आणणार? मी विचारपूस केली, आसपास कुणाकडेच ती राहिलेली नाहीत.

कारखान्यामागे लाकडी खोपटं बांधून तयार आहे. फळ्या जाड घेतल्या आहेत. बारकीला आत्ता सांगू नकोस. तिच्या नोकरीचा प्रश्न आहे आणि ती नाहीच म्हणेल. गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येतो.

मी आणलेला कोंडा कसा निघाला? वाटेत नदीपलीकडच्या बाजारात थांबलो होतो, तिथे ताजा दिसला म्हणून चार पोती टाकून घेतली. तुझ्या जनावरांना तेवढाच बदल.

ओलावा राहू दे, धाकट्याच्या हट्टासकट.

तुझा भाऊ

&nbsp;

१९ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

शेजारणीकडून तुमच्या कचेरीत फोन करवला आहे, त्यामुळे हे पत्र मिळेपर्यंत तुला कळलेलं असेल. तरी सगळं माझ्या हाताने सांगायचं आहे.

तुझ्या पत्रातलं मी सगळं पाळलं, एक सोडून. आज सकाळी फाटक उघडून तुझ्या बाबांची गाडी आत घेतली. काळ्यांपैकी एक जोडी ते नेणार होते. तुझ्यापासून लपवायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. मी पाच दिवस हो-नाही करत होते. एक मन म्हणायचं, बारकी फसवली जाईल. दुसरं म्हणायचं, नऊच तर आहेत.

नर चढला. मादीला गाडीला लावलेल्या फळीपर्यंत आणलं. ही एरवी कुणाला अंगाला हात लावू देत नाही, तुझ्या बाबांच्या पोटरीवर तिची खूण आहे. आज ती फळीशी आली आणि मुकाट्याने खाली बसली. मी पाठीवर हात ठेवला तर अंग तापलेलं. सकाळचं खाणंही तसंच पडलं होतं. मला वाटलं होतं, गडबडीमुळे असेल. तुझे बाबा म्हणाले, उचलून ठेवू, तिकडे मोकळ्या हवेत बरी होईल. त्यांच्या गल्लीमागे तीन घरांत डुकरं आहेत हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

मी म्हटलं, "नराला खाली उतरव."

त्यांनी उतरवलं. मी त्यांच्या गाडीची चाकं, फळी, दोघांचे बूट, सगळं औषधाच्या पाण्याने दोनदा धुतलं आणि कपडे उकळायला सांगून त्यांना पाठवलं.

आता फाटकाजवळच्या कप्प्यातली ड्युरॉकही खात नाही. ड्युरॉक खात नाही, बारके. मी शेड आणि घर यांत नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. तुमचा माणूस रक्त घेऊन गेला. लवकर कळव. दुसरं काही मागत नाही.

आत्या

&nbsp;

२१ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आमच्या गाडीबरोबर हातोहात पाठवते आहे.

तोच ताप आहे. दोन्ही नमुन्यांत.

उद्या सकाळी पथक येईल. सगळी जनावरं जातील, काळीसुद्धा. त्यांच्यासाठी काही सूट मिळेल का हे मी वर विचारलं. हसतील म्हणून भीत भीत विचारलं. हसले नाहीत, पण नाही म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. आदेशावर सही माझी आहे. दुसऱ्या कुणाकडून करून घेता आली असती. मला ते बरोबर वाटलं नाही. पथकाबरोबर मीही येते आहे. तुझ्या फाटकाशी आता मी यायला हरकत उरली नाही.

दिसलं त्याच दिवशी कळवलंस म्हणून तुझ्या वस्तीपलीकडची सगळी डुकरं अजून वाचलेली आहेत. गाडी निघून गेली असती तर बाबांच्या गल्लीतून तो कुठे कुठे गेला असता, हे मी नकाशावर बोट फिरवून पाहिलं आणि नकाशाकडे पाठ करून बसले.

तू घरात थांब. बघायला बाहेर येऊ नकोस.

उद्या भेटू. रागाव, पण दार उघड.

बारकी

&nbsp;

२ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तू घरात थांब म्हणालीस आणि मी थांबले नाही. पांढऱ्या पोशाखात, तोंड झाकलेल्या सहाजणांत मी तुला चालण्यावरून ओळखलं. काळ्यांच्या कप्प्यात तू स्वतः गेलीस, इतरांना बाहेर उभं केलंस, हे मी पाहिलं. तुझ्या हाताखाली ती शांत राहिली. हे कुणी तुला सांगणार नाही म्हणून मी सांगते.

आता शेडमध्ये औषधाचा वास आहे आणि काही नाही. खाणं घालायच्या वेळेला उठते, बादली उचलते, मग कुठे जायचं ते आठवत नाही. घरात बसवत नाही, बाहेर उभं राहवत नाही. म्हणून तुझ्या वहीचं काम संपवते. लिहून घे.

काळी डुकरं. अंगाने लहान, नाक लांब, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत राठ केसांची ओळ. शेपटी सरळ, गाठ न मारता सोडलेल्या दोरीसारखी. वेताला पाच-सहा पिल्लं, जास्त नाही, पण त्यातलं एकही सहसा दगावत नाही. व्यायच्या आदल्या दिवशी आई तोंडाने गवत-काटक्या आणून ढीग रचते आणि त्यात शिरते. तेव्हा मालकिणीनेही जवळ जायचं नसतं. भाजीची देठं, पाला, पडलेली फळं, कशावरही वाढतात. सावकाश वाढतात, म्हणून लोकांनी सोडली. माणूस पायरवावरून ओळखतात. जातीला नाव नाही. आम्ही नुसतं काळी म्हणायचो. सगळीकडे "आहे" लिहिलं आहे, "होती" लिहायला जमलं नाही. तुझ्या कचेरीच्या नियमात बसत नसेल तर तू बदल.

आता एक दुसरं. ताप कुठून आला ते तुला कळलं असणार, कारण आलेल्या-गेलेल्यांची वही तू नेलीस आणि त्यात तुझ्या बाबांची त्या रविवारची पोतीही मी मागून लिहिली होती. कोंड्याची पोती मी फाटकाजवळच्या कप्प्यालगत लावली होती. त्यातला कोंडा दोघींनी आधी खाल्ला: ड्युरॉकने आणि काळ्यांतल्या त्या मादीने. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी निघालं, पोचेपर्यंत दोन पोती संपलीही होती. आणणाऱ्याने प्रेमाने आणलं, घेणारीने प्रेमाने घातलं. तुझ्या अहवालात खरं तेच लिही. पण घरी तुझ्या बाबांना सांगू नकोस. ते परवा आले होते, फाटकाबाहेर उभे राहिले, आत ये म्हटलं तर मान हलवून गेले.

आत्या

&nbsp;

१७ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

अहवालात खरं लिहिलं आहे. बाबांनी मला विचारलं, कशाने आला असेल गं? मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली आणि रंधा मारत राहिले. नंतर पाहिलं तर ते खोपटं मोडून त्यांनी फळ्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. त्यांना माहीत आहे, आत्या. मला वाटतं त्यांना तेव्हापासून माहीत आहे. तू बोलाव त्यांना. माझ्याने होत नाही.

दोन महिन्यांत नवीन गोल काढावा लागलेला नाही. तुझी शेड धुऊन, मोकळी ठेवून ठरलेले दिवस झाले. आता तिथे दोन जनावरं ठेवून पाहायची असतात. चाळीस दिवस ती तगली, रक्त स्वच्छ आलं, तर जागा मोकळी झाली असं धरतात. दोन साधी पांढरी, मिश्र जातीची पिल्लं येतील. ती पाहणीची आहेत, एवढं लक्षात ठेव आणि त्यांच्यात जीव गुंतवू नकोस. मी अजून इतरांच्या शेडमध्ये फिरते, त्यामुळे ते चाळीस दिवस येणार नाही, म्हणून आधीच येऊन जाते. जेवायला.

आठवण धरतेस तशीच धर.

बारकी

&nbsp;

३ जून

चि. बारकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल चाळीस दिवस भरले. तुझ्याऐवजी आलेला डॉक्टर रक्त घेऊन गेला. बरा आहे, पण सुई टोचताना जनावरापेक्षा तोच जास्त दचकतो.

तुझ्या बाबांना बोलावून घेतलं. कोंड्याचा विषय मीच काढला. ते म्हणाले, "ताई, मी रोज तीच चार पोती उतरवतो." मग आम्ही दोघं शेडच्या पायरीवर बराच वेळ बसलो. कोण किती रडलं ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते रोज येतात, टबात बूट बुडवतात आणि कप्प्यांची दारं दुरुस्त करतात. मोडलेली नसली तरी करतात.

पिल्लांचं ऐक. चाळीस दिवस मी नियमाने वागले. खाणं घातलं, पाणी घातलं, कान रोज उजेडात तपासले, आणि अंगाला हात लावला नाही. नावही ठेवलं नाही. एकीचा एक कान उभा आहे आणि एक पडलेला; आईबापांचं पटलं नसावं. अहवाल यायला आणखी चार दिवस लागतील. आज दुपारी कप्प्याबाहेर उलट्या बादलीवर बसले होते. ती एककानी आली, फटीतून नाक काढलं आणि माझ्या हाताच्या तळव्यात ठेवून उभी राहिली. ओलं, गरम नाक. मी तिच्या कानामागे खाजवलं. मग दुसरीच्याही.

अहवाल काय येईल ते येईल. हे पत्र मी तो यायच्या आत पेटीत टाकते आहे. त्याची वाट न बघता मी सुरुवात केली, एवढं तुला माहीत असावं.

चार दिवसांनी येशील तेव्हा कप्प्यात शिरायला जुने बूट घालून ये.

तुझी आत्या