दत्तक गावाचा फलक

२ फेब्रुवारी
कुलगुरूंनी बोलावलं. वाटलं सत्कार असेल, निघाली नोटीस. आमचा 'विद्यापीठ आपल्या दारी' विभाग इतकी वर्षं परिसराचा विकास करतोय, तो नक्की कुठे झालाय हे बघायला महिनाअखेरीस समिती येणार. दिसला नाही तर विभाग बंद आणि माझी बदली उत्तरपत्रिकांच्या गोदामात. तिथे पाठवलेले भूगोलवाले सर अजून खोकतायत. मी शांतपणे मान डोलावली आणि बाहेर येऊन जिन्यातच बसलो.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
घाबरायचं कारण नाही. आपण एक अख्खं गाव दत्तक घेतलंय, ओढ्यापलीकडचं. तिथे फलकही लावलाय. जाड पत्रा, लोखंडी चौकट, वर कुलगुरूंचं नाव, खाली माझं. नंतर दरवर्षी न चुकता प्रगतीचा अहवाल. ऑफिसात बसूनच लिहिला, पण मनापासून.
संकल्प: उद्यापासून रोज गावात जायचं.
बायकोने विचारलं की गावाचा रस्ता तरी आठवतोय का. दुर्लक्ष केलं.

३ फेब्रुवारी
मीटिंग.

४ फेब्रुवारी
ऊन फार. शिवाय बूट नवे.

९ फेब्रुवारी
गेलो एकदाचा. पूर्वी ओढ्यात उतरून जावं लागायचं, म्हणून आपण विकास दुरून करायचो. (बायको याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणते.) आता तिथे चक्क पूल झालाय. दोन जुने विजेचे खांब आडवे टाकून वर काहीतरी अंथरलंय. वाजतं फार. पलीकडच्या टोकाला मात्र मोकळी जागा. उडी मारली. पँट मागून उसवली. उरलेली सगळी पाहणी फाईल पाठीमागे धरून केली.
आणि फलक गायब! नुसता खड्डा. समितीला दाखवायला तेवढी एकच वस्तू होती.
गावाचा कारभार एक आजी बघते. पद वगैरे काही नाही, पण सगळे तिलाच विचारतात. तिला विचारलं. म्हणाली की काळजी करू नका साहेब, फलक आहे, सगळ्या गावाच्या रोजच्या वापरात आहे. डोळे भरून आले. लोक रोज उठून आपलं नाव वाचतात. अहवालात हे कधीच लिहिलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रात्री जेवणानंतर
एक राहिलंच. आजीने पुन्हा पुलाचा विषय काढला. पहिल्या भेटीतही तिने तेवढंच मागितलं होतं. पोरं ओढ्यातून शाळेत जातात, पाणी वाढलं की आठवडाभर घरी. तेव्हा मी तिला समजावलं होतं की पूल आधी मनात बांधावा लागतो. आजही तेच समजावलं. ती माझ्या पँटकडे बघत राहिली.
मग मी जाहीर केलं की नवीन फलक लावणार, आधीपेक्षा मोठा. एकदम खूश झाली. केवढा, ते हात पसरून मापून विचारलं. पत्रा जाडच ठेवा म्हणाली. याला म्हणतात लोकसहभाग.

१२ फेब्रुवारी
पेंटरकडे. त्या गावाचे फलक तोच रंगवतो म्हणे. बँकेचा त्याने केला, बियाणांच्या कंपनीचा त्याने, दोन-तीन कॉलेजांचेही. म्हणजे आपल्या गावाला आपल्यामागे इतरांनीही दत्तक घेतलंय. वाईट वाटलं. पेंटरला सांगितलं की आपली अक्षरं सगळ्यांत ठळक पाहिजेत, आणि माझा फोटोही घाल. त्याने विचारलं की कशाला, कोण बघणार. कलाकार माणूस, काहीही बोलतो.

१९ फेब्रुवारी
झोप नाही. स्वप्नात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे माझ्या अंगावर पडतात आणि वरून भूगोलवाले सर खोकतात. या वयात नवीन नोकरी कोण देणार? बायकोला म्हटलं की मला भीती वाटते. ती जवळ बसली, मग म्हणाली की निदान खरं बोललात. बरं वाटलं, पण काय खरं ते कळलं नाही.

२६ फेब्रुवारी
या वेळी फलक ओढ्याच्या अलीकडेच, स्वतः उभा राहून रोवून घेतला. भव्य. फोटोत मी दूरवर बघतोय. आजीने पत्र्यावर टिचकी मारून बघितली आणि समाधानाने मान हलवली. उद्या समिती. आता कोणाची हिंमत आहे बघू.

२७ फेब्रुवारी, सकाळ
लवकर येऊन थांबलो. फलक नाही. रात्रीतून नाही! पुन्हा नुसता खड्डा. पाचावर धारण बसली. आजीला शोधावं म्हणून पुलावरून पळालो आणि पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं की आज उडी मारावी लागली नाही. ती मोकळी जागा कोणीतरी बुजवली. माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याचा परिणाम. आधी मनात, मग ओढ्यावर.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ
लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो.
समितीचे अध्यक्ष एका इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी विकास कुठाय विचारलं. माझ्याकडे दाखवायला फलक नाही. तेवढ्यात दोन पोरी दप्तरं घेऊन धाडधाड पुलावरून गेल्या. अध्यक्षांनी विचारलं की हा कोणी बांधला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या विभागाने. अध्यक्ष खूश. लोखंडी चौकटी किती चपखल बसवल्यात म्हणाले. मग इंजिनिअरच ते, खालून रचना बघायला ओढ्यात उतरले.
बराच वेळ वर आलेच नाहीत. मग मला खाली बोलावलं. मी वाकून वर बघितलं. डोक्यावर बँक होती. तिच्याशेजारी बियाणांची कंपनी. मग आमचा जुना फलक, आणि टोकाला नवा. माझा फोटो खाली तोंड करून पाण्यात बघत होता. रंग अजून चिकट. आणि अगदी मधोमध अध्यक्षांच्या स्वतःच्या कॉलेजचा फलक, त्यावर त्यांचंच नाव.
आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात उभे. ते म्हणाले की यावर बोलायची गरज नाही. मीही म्हटलं की नाहीच. मग वर येऊन सगळ्यांनी पुलावर उभं राहून फोटो काढला.
एकूण दिवस चांगला गेला असं मानायला जागा आहे. अध्यक्षांचं गुपित आपल्या मुठीत.

१४ मार्च
निकाल. दृश्य परिणाम आढळला नाही, सबब विभाग बंद.
त्याच डाकेने अध्यक्षांच्या कॉलेजची पत्रिका आली. मुखपृष्ठावर पूल. 'आमच्या कॉलेजचा ग्रामविकास.' मी कडेला अर्धा कापला गेलोय.
आत्ताच्या आत्ता जाऊन ओरडणार होतो. बायको म्हणाली की जा, पण पूल तुम्ही बांधलात का, एवढं मला आधी सांगून जा. चपला घातल्या होत्या, त्या काढल्या. बाथरूमचा नळ मोठा सोडून रडलो.

३ एप्रिल
गोदाम. खोकला सुरू. भूगोलवाले सर म्हणाले की सवय होते, आणि त्यांनाच ठसका लागला.
दुपारी दारात आजी. विचारत विचारत इथवर आली. पूल छान चाललाय, पोरांची शाळा बुडत नाही, पण पलीकडच्या टोकाला पायरी हवी, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात. एखादा फलक आहे का. सांगितलं की आता विभागच नाही. ती म्हणाली की मग दारावरची पाटी तरी रिकामीच असेल.

४ एप्रिल
रजा टाकून गेलो. पाटी स्वतः उचकटली, स्वतः वाहून नेली. सागवानी आहे. वाटेत विचार केला की यात मोठेपण आहे. निदान माझं नाव लोकांना चढताना दिसेल. आजीला तसं सुचवलं, नाव वर ठेवू. ती म्हणाली की नाही जमणार, रंगावर पाय घसरतो, सगळ्यांचीच नावं आम्ही खाली ठेवतो.
मग म्हणाली की आलाच आहात तर हे टोक धरा, मी दगड लावते.
धरलं.
उलटं धरलंय, म्हणाली.