बॅटरी तळघरात, गाडी ऑरोरच्या कोठारात

मी, ब्लांदीन वेलेट, कै. आदेलार वेलेट यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार कामूरास्का, नदीकाठचा रस्ता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. गुडघे सोडले तर माझे सर्व ठिकाणावर आहे. अक्षर कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी वळवून घेतलेले आहे, तेव्हा वाचता आले नाही ही सबब कोणी सांगू नये.

एक. राहते घर, त्यातील सामान आणि तळघर, फळ्यांवरच्या बरण्यांसह, माझी मुलगी युगेट हिला.

दोन. पतपेढीतील बचतीतून माझा अंत्यविधी करावा व उरेल ते युगेटने घ्यावे. शवपेटीजवळ लिली ठेवू नयेत. आदेलारच्या वेळी शेजारीण ऑरोर पेल्तिए हिने लिली आणल्या होत्या आणि त्या माझ्या फुलांपेक्षा चांगल्या होत्या.

तीन. चांदीचे चमचे नणंद जर्मेन हिला. दर नाताळला जेवण झाले की ती ते मोजत असे. आता घरी मोजावेत.

चार. आदेलारची पांढरी, कापडी छपराची गाडी. हे कलम लांबणार आहे.

युगेट मोंट्रियलहून फोनवर म्हणते, "आई, विकून टाक ना. जुन्या गाड्या गोळा करणारा एक माणूस आहे माझ्या ओळखीचा. तो तिला काचेच्या हॉलमध्ये ठेवेल." मी नाही म्हटले. ही गाडी हॉलमध्ये ठेवण्याची नव्हे, हिवाळ्यात झोपवण्याची आणि वसंतात उठवण्याची आहे.

आमच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडू लागले की दोन हिवाळ्यांत पत्र्याची चाळण होते. आमच्या घराला गॅरेज नाही. म्हणून संत कॅथरिनच्या सणाआधी गाडी ऑरोरच्या कोरड्या कोठारात जाई. हा सण अविवाहित बायकांचा, आणि गावात त्याची मानकरी ऑरोरच. त्या दिवशी ती काकवीची टॉफी ओढून करते. पहिला तुकडा नेहमी आदेलारला मिळे.

गाडी ज्याच्याकडे जाईल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. आत ठेवण्यापूर्वी खालून धुवावी. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत ओल धरत नाही. इंजिनचे तेल वसंतात नव्हे, ठेवतानाच बदलावे. जळके तेल सहा महिने इंजिनला खात बसते. धुराच्या नळीत लोखंडी काथ्या कोंबावा, नाहीतर उंदीर संसार मांडतात. वसंतात तो आठवणीने काढावा. बॅटरी काढून घरात ठेवावी. आणि हिवाळ्यात पाच-दहा मिनिटांसाठी इंजिन मुळीच सुरू करू नये. ते पुरते तापत नाही, आत पाणी सुटते आणि तेलात मिसळते. हे सगळे मला आदेलारने शिकवले.

तोच आदेलार दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की टोपी घालून म्हणे, "जरा इंजिन सुरू करून येतो गं."

एका रविवारी बिटाची बरणी आणायला मी तळघरात गेले. बॅटरी फळीवर होती, जिथे त्यानेच ठेवली होती. मी बरणी घेऊन वर आले आणि जेवण वाढले. त्याच्या कोटाला पेट्रोलचा नव्हे, कॉफीचा वास होता. तो देवाघरी जाईपर्यंत मी विचारले नाही. मिस्सेत मात्र मी ऑरोरच्या मानेकडे पाहत बसे. मान अजून सुरेख होती.

तो गेल्यावर पुढच्या शरदात गाडी ठेवायला जागा तीच होती. मी कोठारात गेले आणि सरळ म्हटले, "ऑरोर, बॅटरी आमच्या तळघरात असायची. मग आदेलार तुझ्याकडे काय सुरू करायचा?"

ती खो-खो हसली. "तुला ठाऊक होतं! आणि गप्प बसलीस? तू?"

"विषय बदलू नकोस."

"गाडीत बसायचा, बाई. स्टिअरिंग धरून. मी कॉफी नेऊन द्यायचे."

"आणि शेजारी बसायचीस."

"शेजारी? एकदा बसायला गेले, तर म्हणाला, ती ब्लांदीनची जागा. तिच्या बसण्याचा आकार आलाय सीटला. मी आपली मागे. म्हातारीला डॉक्टरकडे नेतात ना, तशी. इतके हिवाळे!"

"बोलायचा काय?"

"काही नाही. म्हणायचा, घरी गप्प बसलं की ब्लांदीन विचारते काय झालं. इथं कुणी विचारत नाही." मग हसू आवरून ती म्हणाली, "मी विचारलं असतं गं. पण मग तो आला नसता."

मला त्याचे बोलणे मिळाले, तिला त्याचे गप्प राहणे. कोणाचा वाटा मोठा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ठरवायला बसले की रात्रीचे सूप पचत नाही.

तरी गाडी ऑरोर पेल्तिए हिला देत आहे. काचेच्या हॉलमधला माणूस त्या गाडीत गप्प बसणार नाही. ऑरोरला गाडी चालवता येते. तिने पुढे, आदेलारच्या जागी बसावे. मागे पुष्कळ बसली. बॅटरी मात्र हिवाळाभर आमच्याच तळघरात राहील आणि वसंतात ती मागायला ऑरोरने आमच्या दाराशी यावे. युगेटने तिला आत बोलवावे, बिटाची एक बरणी द्यावी.

पुढची उजवी, स्टिअरिंगशेजारची सीट मी कोणालाही देत नाही. साक्षीदार मिशो यांनी वाचून विचारले, "ब्लांदीनबाई, सीट गाडीपासून वेगळी कशी ठेवणार? ती कुणाची?" त्यांना सांगितले तेच इथे लिहिते: माझी. तिथे पिशवीसुद्धा ठेवू नये.

हिवाळ्यात एखाद्या रविवारी ऑरोरला कोठारात जाऊन गाडीत बसावेसे वाटले, तर तिने बसावे. इंजिन सुरू करायला जाते, असे मात्र कोणाला सांगू नये.

गाडी आज दुपारी आत गेली. बॅटरी मी स्वतः खाली नेली, दर पायरीवर थांबत.

ब्लांदीन वेलेट (सही)

आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. बाईंनी आमच्यासमोर सही केली, व नंतर आम्ही.
एर्वे मिशो, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
जाक्लीन सिरवा, शिक्षिका (सही)

कामूरास्का, संत कॅथरिनच्या सणाची आदली संध्याकाळ, २४ नोव्हेंबर १९९६