आईच्या बारा प्लेटा

१० मे, शनिवार

प्लेटा घेतल्या! सहा मोठ्या, सहा छोट्या, सहा वाडगे. राखाडी रंगाच्या. गादी अजून जमिनीवरच आहे, पण प्लेटा आल्या. दुकानदाराने एक टेबलावर आपटून दाखवली. "रोज वापरा बाई, वीस वर्षं काही होत नाही." कोस्मिन म्हणाला, "आधी लग्न तेवढं टिकू दे!" नवरा म्हणून महिनाही झाला नाही आणि जीभ ही अशी.

आईला फोन केला तर तीच म्हणाली — "प्लेटा घेऊ नकोस हं. माझ्याकडे आहेत." घेतल्या म्हणून सांगायचं ना? गप्प बसले.

१८ मे, रविवार

आई बसने आली. गुडघे धरलेत, तरी ते ओझं चार जिने चढून आणलं. बारा प्लेटा, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती कारखान्याच्या कँटीनमध्ये एकोणीस वर्षं रांधत होती. कँटीन बंद पडलं तेव्हा कोठीतला हा कोरा माल विकत घेतला म्हणे. जाड, पांढऱ्या, कडेला निळी रेघ. एक उचलली तर मनगट भरून येतं. नुसत्या बघूनच मला उकडलेल्या कोबीचा वास आला.

"सिमेंटवर पडल्या तरी टवका उडत नाही," आई म्हणाली. "आजवर कुणाला हात लावू दिला नाही. आता तू जेव यांच्यात."

माझ्या राखाडी प्लेटा तेव्हा पलीकडच्या खोलीत चादरीखाली होत्या. चोरीचा माल दडवावा तशा!

७ जून, शनिवार

आज मृतांचा शनिवार. मेलेल्यांच्या नावाने शेजाऱ्यांना जेवण द्यायचं, प्लेटेसकट, म्हणजे दोन्ही त्यांना तिकडे पोचतं. सकाळपासून जिनाभर मेणाचा वास. मीही वाढलं — भात, चीज, मूठभर चेरी, पाव आणि पावात खोचलेली पेटती मेणबत्ती. बारा दारं, बारा प्लेटा. आईच्या.

समोरच्या आग्लायाबाईंनी दोन्ही हातांनी घेतली. "कुणाच्या नावाने गं?"

"वडिलांच्या."

"देव त्यांना क्षमा करो! जेवतील हो ते तिकडे, याच प्लेटमध्ये."

बाबा मी नऊ वर्षांची असताना दुसऱ्या बाईबरोबर क्रायोव्हाला निघून गेले. चार वर्षांपूर्वी वारले. आई दरवर्षी तिच्या आईबापाच्या नावाने देते, भावाच्या देते, तळमजल्यावरच्या त्या मेलेल्या दारुड्याच्याही देते. बाबांचं नाव नाही. "त्याने तिकडे तळहातावर घेऊन खावं," म्हणते. मला वाईट वाटायचं त्यांचं. म्हणून दिल्या.

खोटं! या वहीत तरी खरं लिहावं. आधी कपाटात माझ्या राखाडी प्लेटांना जागा करायचं आठवलं, बाबा मागून आठवले.

८ जून

कपाट छान दिसतंय. मला बघवत नाही.

१५ जून, रविवार

आईने विचारलं, "प्लेटांत जेवता ना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "फुटल्या गं. पिशवी जिन्यावरून घरंगळली."



"बाराच्या बारा?"

"हो."

"त्या प्लेटा?"

"हो, आई."

"जाऊ दे. तुला लागलं नाही ना कुठे?"

फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. कोस्मिन बाहेरून म्हणतो, "रुक्सांद्रा, खोटं बोलायचं तर पटेल असं तरी बोल! रणगाडा गेला असता त्यांच्यावरून!" मेल्याला हसू येतंय. दिलेलं परत मागता येत नाही, नाहीतर आत्ता बारा दारं वाजवली असती.

२१ जून, शनिवार

आई न सांगता आली, चेरीचा मुरांबा घेऊन. मी पावासाठी खाली गेले, परत येते तो घर रिकामं. समोर आग्लायाबाईंचं दार उघडं. आई त्यांच्या टेबलाशी बसली होती. भरलेल्या मिरच्या खात होती — निळ्या रेघेच्या प्लेटमध्ये!

माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटच्या पावाच्या तुकड्याने प्लेट लख्ख पुसली, मग उठली. घरी येऊन माझ्या राखाडी प्लेटा धुतल्या, एक हातात तोलून बघितली. "हलक्या आहेत. बऱ्या आहेत." चारच्या बसने गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ जून, रविवार

आग्लायाबाई आल्या. बसल्या नाहीत.

"काल तुझ्या आईने विचारलं, ही प्लेट कुठली? मी आपलं सांगितलं, रुक्सांद्राने दिली, बापाच्या नावाने. मला काय माहीत! ती म्हणाली, अशाच बारा मी माझ्यासाठी ठेवल्या होत्या."

"तिच्यासाठी?"

"अगं, आपण मेल्यावर आपल्या नावाने वाटायच्या असतात ना त्या. माझ्यासुद्धा ट्रंकेत आहेत. बाई जन्मभर साठवते. म्हणाली, पोरीने घर मांडलं, तिला आधी इथे जेवायला लागणार. माझं तिकडचं बघू."

त्या गेल्यावर मी तिथेच दारात बसून राहिले. आईने तिच्या पुढच्या जेवणाची भांडी मला दिली, आणि मी ती कुणाला दिली? ज्याला ती एक चमचाही देणार नव्हती त्याला.

२४ जून, मंगळवार

आईला फोन केला. सगळं सांगितलं — कोबीचा वास, चादर, जिना, सगळं. रडत.  मग ती म्हणाली, "म्हणजे आता बाराच्या बारा त्याच्याकडे. जेवायला मला त्याच्याच दारात जावं लागणार!"

मी बाहीने नाक पुसलं.

"पुढच्या वेळी त्याची मेणबत्ती लावशील ना, तेव्हा सांग त्याला. एक धुऊन ठेव म्हणावं."