दोन ब्रेकची गाडी

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं, आतलं कात्रणही वाचलं. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठातल्या मुलीवरच्या जबरदस्तीची ती बातमी वाचून तुमचा जीव टांगणीला लागला असणार. म्हणूनच हॉस्टेल सोड, मामाकडे राहा, महिनाअखेरीला सामान न्यायला गाडी घेऊन येतो, असं लिहिलंत. उत्तर देते, पण आधी थोडं ऐका. इंडिकेटर दिल्याशिवाय वळायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय.

आमच्या हॉस्टेलात मुलामुलींचा एक गट आहे. घरी ज्यावर कुणी चकार शब्द काढत नाही ते आम्ही तिथे बोलतो. कुणी आवडणं, नकार, जबरदस्ती. मागे एकदा बोलायची पाळी माझ्यावर आली. मग तोंडातून काय निघावं, तर तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक, तुमच्या पायाशी दुसरा. कुणीही दाबला तरी गाडी थांबते, आणि तुमचा नियम असा की दुसऱ्याने फक्त 'बरं' म्हणायचं. का नि कशाला ते गाडी बाजूला लावल्यावर.

लगेच दोन खुर्च्यांची गाडी झाली. एकाने काहीतरी सुचवायचं, दुसऱ्याने ब्रेक दाबायचा, पहिल्याने 'बरं' म्हणायचं. इतकं सोपं, पण भल्याभल्यांचं घोडं तिथेच अडलं. एकाने 'बरं'ला लगेच 'पण' जोडलं. दुसऱ्याचं 'बरं' इतकं रडकं निघालं की ब्रेक दाबणारी बिचारी त्याचीच समजूत काढत बसली. त्याला ते नीट जमेपर्यंत म्हणायला लावलं. हसून हसून आमची मुरकुंडी वळली, पण चेहरा पाडणं हीसुद्धा जबरदस्तीच, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

या गटात एक लंबू आहे. मला तो आवडतो. आईला ठाऊक आहे, तुम्हाला आत्ता कळतंय, तेव्हा गाडी जरा बाजूला घ्या. हात धरू का, असं तो अजूनही विचारतो. मी कधी नको म्हटलं तर 'बरं' म्हणून अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सांगू लागतो. नको म्हणताना कारण शोधावं लागत नाही, यात केवढं सुख आहे, बाबा.

इथे सगळं आलबेल आहे, असं मात्र नाही. गेल्या महिन्यात नव्या मुलांच्या स्वागताला एकजण पहिल्या वर्षाच्या मुलीला कोपऱ्यात अडवून उभा होता. ती हसत होती, पण पाय दाराकडे वळलेले. लंबूने काय करावं? केकच्या दोन भरलेल्या बशा त्या अडवणाऱ्याच्याच हातात दिल्या आणि जरा धर म्हणून टेबल हलवायला लागला. तेवढ्यात मी तिला विचारलं, बाहेर यायचंय का. ती आलीच. आम्ही पायऱ्यांवर बसलो. दुसऱ्या दिवशी तिनेच वॉर्डनबाईंकडे जायचं ठरवलं. मी सोबत गेले. आता ती दर वेळी गटात येते आणि सगळ्यांत मोठ्याने हसते.

आठवतं, पुलावर मी पहिल्यांदा गाडी घातली तेव्हा समोरून ट्रक येत होता? मी तुमच्या पायाकडे पाहिलं. तुम्ही तो ब्रेकवरून उचलून मागे घेतला होता. तुमच्या कपाळावर घाम होता, पण पाय मागेच. तेव्हा मी नुसती गाडी चालवायला शिकले नाही. तर बाबा, मी ब्रेक दाबलाय. मामाकडे राहायला जाणार नाही. इथेच राहीन, गट चालवीन, काही झालं तर आधी तुम्हालाच सांगेन. काळजी करू नका, असं म्हणत नाही. ती तुम्ही करणारच. महिनाअखेरीला गाडी घेऊन जरूर या, मला आणि लंबूला भेटायला. उलट टपाली मात्र एकच शब्द पाठवा. कोणता, ते तुम्हाला माहीत आहे. रडका नको.

तुमचीच,
पुलावरची शिकाऊ ड्रायव्हर