वाट्यांचा क्रम

बाबा,

त्या संध्याकाळी तुम्ही आईच्या सगळ्या वाट्या फडताळातून काढून स्वयंपाकघराच्या फरशीवर एका ओळीत मांडल्या होत्या. दादा तुमच्यासमोर मांडी घालून बसला होता आणि मी भिंतीशी पोळ्या लाटत होते. खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये तुम्ही रायफली दुरुस्त करायचात, दादानंही तेच करावं अशी तुमची इच्छा होती, म्हणून त्याची परीक्षेची तयारी चालली होती. हत्यार घरी आणता येत नव्हतं, त्यामुळे वाट्या. पोह्यांचा उभट डबा पुढे ओढून तुम्ही म्हणालात, "ही समज रायफलच्या तोंडावर बसणारी नळी. आवाज दाबणारी. हिच्या पोटात अशा वाट्या असतात. गोळीमागून येणारा गरम वायू एकेका वाटीत अडतो, थकतो, आणि बाहेर पडतो तेव्हा ओरडायची ताकद राहिलेली नसते." आई म्हणाली, "आधी माझ्या वाट्या द्या, आमटी वाढायची आहे." तुम्ही दादाला विचारलंत, सगळ्यात जास्त काजळी कुठल्या वाटीत धरेल? दादा छताकडे बघत राहिला. मी लाटणं न थांबवता म्हटलं, "पहिल्या. पहिला मार तीच खाते." तुम्ही हसलात. "बघ रे, पोळ्या लाटता लाटता हिला कळलं."

त्या हसण्यावर मी वर्षभर जगले असेन. मॅट्रिक झाल्यावर शिकाऊ उमेदवारीचा फॉर्म आणून तुमच्यापुढे ठेवला, तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही पुन्हा तसेच हसाल. तुम्ही फॉर्म दुमडून माझ्या हातात परत दिलात. "हे आपल्या घरातल्या मुलीचं काम नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी एवढं इंग्रजी शिकवलं ते काय काडतुसांशी बोलायला?" त्यात राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता, म्हणून भांडताही आलं नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवलं, लग्न झालं, यांच्या नोकरीमागून अ‍ॅडलेडला आले. दादा वर्कशॉपमध्ये टिकला नाही, बँकेत गेला, हे तुम्ही पाहिलंतच. तुमची नात मात्र तुम्ही पाहिली नाहीत. ती तुम्ही गेल्यानंतर सहा वर्षांनी झाली.

ती इथल्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, प्राण्यांचं शास्त्र शिकली आणि सरकारी खात्यात लागली. बाहेरून आणून सोडलेली हरणं आणि बकऱ्या इथलं रान खाऊन संपवतात, म्हणून त्यांची संख्या कमी करायची, हे तिचं काम. म्हणजे मारायचं. ज्या दिवशी तिनं हे सांगितलं, त्या दिवशी माझ्या तोंडून तुमचं वाक्य बाहेर पडलं, शब्दन् शब्द. आपल्या घरातल्या मुलीचं काम नाही. ती गाडीची किल्ली उचलून गेली. त्यानंतर तीन वर्षं आमचं बोलणं हवेबद्दल आणि भाज्यांबद्दल होत राहिलं. तिला कायमचं गमावते आहे हे मला दिसत होतं.

मग ही साथ आली. तुम्ही कामावरून आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचात, तसे आता सगळेच धुतात. विमानं बंद, राज्यांच्या सीमा बंद, आणि हे गेल्यापासून मी मॉसन लेक्सच्या घरात एकटी. एका सकाळी ती गाडी घेऊन आली. "आई, बॅग भर. मला एकटं राहायला आवडतं वगैरे नंतर सांग." तिचं घर टेकड्यांमध्ये आहे, मागे पत्र्याची शेड. पहिले काही आठवडे आम्ही पाहुण्यांसारख्या राहिलो. मी जुन्या साड्यांचे मास्क शिवायचे, ती कामावर जायची. दुपारी निलगिरीच्या झाडांमधून इतका संथ उजेड यायचा की आपण जागे आहोत की कधीतरीच्या खडकीत, ते मला चटकन कळायचं नाही.

अशाच एका दुपारी शेडमधून ठोकण्याचा आवाज येतो. मी दारात जाते. ती बाकावर वाकली आहे, समोर शिकंज्यात हातभर लांबीची काळी नळी, आणि ती हातोडी पुन्हा उचलते आहे. मी नळी ओळखते. आयुष्यात खरी कधी पाहिली नव्हती, तरी ओळखते.

"ठोकू नकोस," मी म्हणते.

"टोपण जॅम झालंय. यू वोन्ट नो, आई."

"आत काजळी धरली आहे. तेल सोड आणि दोन दिवस ठेवून दे."

ती मागे वळून बघते. "दोन दिवस?"

"आजोबा तीन ठेवायचे."

मी पुढे होऊन हात लांब करते, तर ती मला अडवते. "हात नको लावू. लायसन्स माझं आहे, आणि ही खात्याची आहे." इथे साध्या माणसाला ती नळी बाळगताच येत नाही. घरांजवळच्या रानात काम असतं म्हणून तिच्या खात्याला परवानगी आहे. मी हात पदराखाली घेतले. बाबा, मला हसू आलं. तेव्हा तुम्ही हात लावू दिला नाहीत, आता सरकार देत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी टोपण सुटलं. तिनं आतल्या सगळ्या वाट्या एकदम तसराळ्यात ओतायला घेतल्या आणि मी इतक्या जोरात "क्रम!" म्हणाले की ती दचकली. मग वर्तमानपत्र पसरलं, खडूनं आकडे घातले, निघेल तशी एकेक वाटी आपापल्या आकड्यावर, परत त्याच क्रमानं बसवायला. मी खुर्चीवरून बोलत होते, ती करत होती. कोरडं खरवडायचं नाही, त्यात शिसं असतं, धूळ नाकात जाते. मास्क वर घे. पोलादी सुरी नको, लाकडाची काडी घे. आट्यांना दात घासायचा ब्रश. चकाकी आणायला जाऊ नकोस, डाग राहिला तरी चालतो, धातू झिजायला नको. आणि पूर्ण सुकल्याशिवाय बंद करायचं नाही. दादाला शिकवतानाचा तुमचा आवाज माझ्याच तोंडून ऐकत मी बसले होते.

"पहिली बघ कशी झालीय," ती म्हणाली.

"पहिला मार तीच खाते."

ती बराच वेळ ती वाटी पुसत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तू ते म्हणालीस ना तेव्हा, मी कोपऱ्यावर गाडी थांबवून रडले होते. आय थॉट, तू म्हणशील माझी मुलगी शूर आहे."

"ते वाक्य माझं नव्हतं गं. माझ्या बाबांचं होतं."

"पण बोललीस तू."

ती खरं बोलत होती. मी म्हटलं, "हो. बोलले मी. चुकलं माझं."

"नो वरीज," ती म्हणाली, दुकानात म्हणतात तशी. आणि मग हातमोजे काढून, कोपरापर्यंत हात धुऊन आली आणि माझी खुर्ची बाकाजवळ ओढून घेतली. "तिथून तुला दिसत नाहीये. इथे बस."

या दिवसांत माझ्या वयाची सगळी माणसं मृत्युपत्राचे कागद करून ठेवतायत, मीही करते आहे. माझ्या पाटल्या दादाच्या मुलीला. आईचं मंगळसूत्र तिच्या धाकट्या बहिणीकडे, मावशी अजून आहे. पुस्तकं इथल्या मराठी मंडळाला, ज्यांना पानं दुमडायची सवय नाही अशांना द्यावीत. उरलेल्या साड्यांचे मास्क शिवून शेजाऱ्यांना. तुमचं घड्याळ दादाला. तुमच्या साफसफाईच्या डब्यातला डुकराच्या केसांचा ब्रश, प्राण्याचे केस चालत नाहीत म्हणून, इथल्या विमानतळावर जप्त झाला. दादानं मला देऊन टाकलेली, रायफलची नळी साफ करायची पितळी सळई तेवढी उरली होती, ती मी मागे ठेवली नाही. टोपण सुटलं त्याच दुपारी मुलीला दिली.

सळई हातात फिरवत तिनं विचारलं, "आजोबांनी तुला जवळ बसवून शिकवलं हे सगळं?" मी हो म्हटलं. म्हटलं, रोज संध्याकाळी, समोर बसवून, वाट्या मांडून. मुलगीच शिकेल हे, असं म्हणायचे. बाबा, एवढं खोटं मी तुमच्या नावावर बोलले आहे. तेही तिच्याकडेच राहू द्यावं.